बॅनरवरचा फौजी

वारंगा फाटा
११ ऑगस्ट २०२४

दादा,

हे पत्र उघडंच जाणार हाय. रेडक्रॉसच्या मॅडमनं फोनवर बजावून सांगितलं: लढाईचं लिहायचं न्हाई, सरकारचं लिहायचं न्हाई, कुणाला नावं ठेवायची न्हाईत, फकस्त घरची खुशाली. मराठी वाचणारं माणूस तिकडं लवकर घावत न्हाई, हिंदीत लिहा, असंबी म्हणल्या. मी म्हणलं, मॅडम, सख्ख्या भावाला हिंदीत काय लिहू, 'आदरणीय भाईसाहब'? तो समजंल घरात कोणीतरी मेलं. हसल्या बिचाऱ्या. म्हणल्या, लिहा मग तुमच्या मराठीत, पर उशीर झाला तर आमाला बोल लावू नका.

तू जित्ता हाईस हे आमाला व्हिडिओवरून कळलं. मार्चपासून तुझा फोन बंद. तुला रशियाला धाडणाऱ्या हरीश एजंटचाबी बंद, नांदेडला त्याच्या हाफिसाला कुलूप. जुलैत फाट्यावरच्या फ्लेक्सवाल्यानं मला हाक मारली, म्हणला, परमेश्वर, हा तुझा भाऊ न्हाई का? तू स्टुलावर बसलेला, मागं निळी भिंत, डोक्यावर एक केस न्हाई. कोणीतरी इचारतंय आन् तू सांगून राहिला: संतराम सटवाजी पोले, जिल्हा हिंगोली, युक्रेनच्या फौजेनं धरलं, आता त्यांच्या कैदेत हाय. खाली लोकायनं काय काय लिहिलंय ते सांगत न्हाई.

मायला दाखवला. तिनं मोबाईल डोळ्याजवळ नेला आन् म्हणली, "ह्याचा बाप जित्ता असताना यानं डोकं काहून भादरलं?" बा तिथंच बसलेले. म्हणले, "मी मेलो का काय? मला कोणी सांगितलं न्हाई!" आमी हसलो दादा, खरंच हसलो, आन् मग माय जी रडाया लागली ती शेजारपाजार गोळा झाला.

बाकी मेंढरं बरी हाईत. तुझी आरोही पहिलीत गेली, बाईला उलट बोलते, तुझ्यावर गेली. माझं लगीन झालं, फेब्रुवारीत. तुला शेवटच्या फोनवर सांगितलं व्हतं, पर आवाज तुटत व्हता, तुला कळलं का न्हाई कोण जाणे. पोरगी कळमनुरीकडची, रागिणी नाव. तुझ्यासाठी थांबाया पायजे व्हतं, पर पाव्हणे घाई करून राहिले.

मिना वैनी बरी हाय. दोन ओळी लिहा म्हणलं तर म्हणली, कामं पडलेत. पुढच्या खेपेला लिहील.

तुला तिकडं मारतात का, पोटाला देतात का, हे इचारायचं न्हाई असं सांगितलंय. म्हणून मी इचारलं न्हाई असं समज.

तुझा
परम्या


वारंगा फाटा
२४ नोव्हेंबर २०२४

दादा,

तुझं पत्र आलं. अर्ध्या ओळीवर काळी शाई मारलेली. मायनं तो कागद उन्हात धरून बघितला, खालचं दिसतं का म्हणून. जेवढं वाचता आलं तेवढं वाचलं: थंडी लई हाय, लाकडाच्या पेट्या ठोकायचं काम देतात, सकाळी सगळ्यायला रांगेत उभं करून मोजतात, मेंढरं मोजल्यावानी. तू मेंढरं मोजणारा, आन् आता तुला कोणीतरी मोजतंय. बा हे वाक्य ऐकून उठून बाहेर गेले.

तू लिहिलं की साहेब लोक सारखा एक फोटो पुढं टाकतात. तुझं तोंड, अंगावर फौजी कपडे, हातात बंदूक. 'मी असा फोटो कवाच काढला न्हाई, हा कुठून आला' असं इचारलंस. आता कुठून आला म्हणून सांगू? आजकाल मोबाईलवर काय बी करता येतं. हरीशनं केला असंल. त्या माणसाचा काय भरवसा. तुला सांगायचं राहिलं, तू गेल्यावर पोरायनं फाट्यावर तुझ्या अभिनंदनाचं बॅनर लावलं व्हतं. इथं कोणाची तलाठी म्हणून निवड झाली तरी लावतात, दहावीला पास झाला तरी लावतात, तुला तर माहीतच हाय. तसंच.

मागच्या आठवड्यात साखऱ्याहून एक बाई आली. भागूबाई नाव. दोन एसट्या बदलून आली आन् फाट्यावर लोकायला इचारत फिरली, "हितं खांबावर ज्या फौजीचा फोटो व्हता त्याचं घर कोणतं?" तिचा पोरगा भीमराज, एकुलता एक. गेल्या जानेवारीत हितं गाडी बदलायला उतरला, त्यानं बॅनर बघितलं, त्यावरचा हरीशचा नंबर घेतला, आन् महिन्यात रशियाला गेला. होळीपासून त्याचा फोन न्हाई. तिला वाटलं, तुझा पत्ता लागला तर तुझ्याकडून त्याचा लागंल.

मायनं तिला चहा दिला. दोघी वसरीत बसल्या. माय तुझं सांगून रडली तर भागूबाई म्हणली, "तुमचं लेकरू कैदेत हाय, बाई. नशीबवान हाव तुमी. कैदेत हाय म्हणजे हाय." मी दारात उभा व्हतो. मला तिच्यासमोर बसवलं न्हाई.

हे तुला काहून लिहिलं माहीत न्हाई. लढाईचं लिहू नका म्हणलेत, पर हे काही लढाईचं न्हाई, चहाचं हाय. भीमराज नावाचा कोणी तिकडं दिसला तर कळव.

वैनीचं दोन ओळींचं यावेळीबी राहिलं. रागावू नको.

परम्या


वारंगा फाटा
१९ जानेवारी २०२५

दादा,

हे पत्र तुझ्या वकिलामार्फत येतंय. त्यानं शब्द दिलाय, हे कोणी वाचणार न्हाई. म्हणून आज खुशाली न्हाई लिहीत. खुशाली गेली उडत.

वकिलानं व्हिडिओ कॉल केला व्हता. तिकडच्या सरकारनंच तुला दिलाय तो. पोरगा तरुण दिसतो, पर डोळे थकलेले. शेजारी एक दुभाषी पोरगी, आपल्याकडची, डॉक्टरी शिकायला जाऊन तिथंच राहिलेली, ती हिंदीत सांगत व्हती. इकडून मी, वैनी आन् बा. त्यानं समजून सांगितलं ते असं. धरलेल्या माणसाला तिथं दोन दारं हाईत. तो युद्धकैदी ठरला तर नुसतं लढला म्हणून त्याला सजा करता येत न्हाई. कोंडून ठेवतील, कामाला लावतील, पर एक दिवस सोडतील. आन् भाडोत्री ठरला, म्हणजे परक्या मुलखातून पैशापायी, हौसेनं, बंदूक धरायला आला असं ठरलं, तर मग त्याच्यावर खटला. मग तो कैदी न्हाई, गुन्हेगार. वर्सानुवर्सं आत. कैद्यायच्या अदलाबदलीत तरी सुटंल का म्हणून बांनी इचारलं. तर म्हणला, ज्यांच्याकडून लढला ते आपल्या माणसायची नावं आधी देतात, तुमच्या पोराचं नाव अजून कोणी घेतलेलं न्हाई.

आन् दादा, तुला भाडोत्री ठरवायला त्यांच्याकडं एकच मोठी गोष्ट हाय. ते बॅनर. हरीशनं ते त्याच्या पेजवर टाकलं व्हतं, तिथून त्यांना घावलं. मराठी वाचणारं माणूस हुडकून त्यांनी त्याचं एकेक अक्षर उतरवून घेतलंय. 'रशियन सैन्यात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' वकील इचारत व्हता: हा तर हमालीला आणला असं सांगतो, मग घरचे अभिनंदन कशाचं करत व्हते? हा फोटो कोणी केला? याला जबरदस्तीनं फौजेत घातलं हे तिकडं कुणाला माहीत व्हतं का?

वैनी फटकन बोलली, "फोटो त्यांनीच धाडला व्हता. मला न इचारता गेले फौजेत." दुभाषी पोरीनं ते तसंच सांगितलं. मी बोललो न्हाई. माझ्या तोंडात जीभ व्हती दादा, आन् मी बोललो न्हाई.

आता लिहितो.

माझ्या लग्नाआधीच्या डिसेंबरात तू फोन केला व्हतास, आठवतो? म्हणलास, "परम्या, मला पोती उचलायला म्हणून आणलं आन् आता गणवेश देऊन राहिले. कागदावर सही घेतली, त्यातलं एक अक्षर कळत न्हाई. मला भ्या वाटून राहिलं. हरीशला धर, मला काढ हितून. मिनाला सांगू नको, ती हाय खाईल." मी म्हणलं, धरतो. गेलो. हरीश फाट्यावरच, फ्लेक्सच्या दुकानात बसलेला. म्हणला, "अरे तिकडं थंडी असती, सगळ्यायला तेच कपडे देतात. दोन महिन्यात गोदामात येईल तो. तू लगीन कर. येत्या रविवारी पोरगीवाले येऊन राहिले ना? मेंढरामागच्या पोराला कोण पोरगी देतंय? भाऊ फौजी झाला म्हण, बघ कसे उड्या मारत येतात."

खोटं न्हाई बोलला तो. त्याआधी सगळीकडून नकार आलेला तुला माहीत हाय. त्या गोरेगावच्या बाईनं तर तोंडावर म्हणलं व्हतं, आमच्या पोरीच्या अंगाला लोकरीचा वास नको.

तू हिरवं जाकीट घालून एक फोटो धाडला व्हतास, त्यातून तुझं तोंड घेतलं. फ्लेक्सवाल्याकडं धडं तयारच असतात दादा. पोलिसाचं, फौजीचं, वकिलाचं. निवड झाली की नुसतं मुंडकं बदलायचं. त्यानं नेटवरून रशियाचा फौजी काढला, बंदुकीसगट, आन् त्याच्यावर तुला बसवलं. मानेपाशी जरा वाकडं झालं व्हतं, तर मीच म्हणलं, थोडं डावीकडं घे. बॅनरचा खर्च हरीशनं केला. खाली शुभेच्छुक म्हणून त्याचा फोटो, त्याचा नंबर, 'परदेशात नोकरीसाठी संपर्क', आन् त्याच्या शेजारी गॉगल घालून मी.

तू तिकडं म्हणत व्हतास मला काढ, आन् मी हितं तुझी मान सरळ करत व्हतो.

रविवारी पाव्हणे फाट्यावर उतरले. बॅनरखाली थांबले, बघितलं, आन् घरी येऊन पोह्याच्या ताटावरच सुपारी फोडली. घरात मी सांगितलं, दादानंच फोटो धाडलाय, फौजेत लागला. वैनी म्हणली, मला न सांगता? मी म्हणलं, तुमाला सांगितलं असतं तर तुमी जाऊ दिलं असतं का? तवापासून ती तुझ्यावर चिडून हाय. म्हणून दोन ओळी येत न्हाईत. कामंबिमं काही पडली न्हाईत.

हे तुला सांगितलं. वकिलाला न्हाई सांगितलं अजून, घरातबी न्हाई. हिंगोलीच्या पोलिसांनी हरीशवर केस केलीय, पोरं फसवून धाडली म्हणून, आन् त्याच्या जोडीला कोण कोण व्हतं ते हुडकून राहिले. बॅनरवर त्याच्या बाजूला मीच हाय. मी धरला गेलो तर रागिणीचं काय, म्हाताऱ्यांचं काय, असं सांगतो मी स्वतःला. खरं सांगू? नुसतं भ्या वाटून राहिलं. दुसरं काही न्हाई.

मला शिव्या घाल. मोठ्या मोठ्या घाल.

परम्या


वारंगा फाटा
१६ मार्च २०२५

दादा,

भीमराज गेला. गेल्याच वर्षी गेलेला, आत्ता कळलं. भागूबाईच्या हातात नुसता एक कागद आला, माती न्हाई.

साखऱ्याला त्याच्या पुण्यानुमोदनाला मी आन् माय गेलो. माय म्हणली, ती आपल्या दारात येऊन गेली, आपल्याला जायलाच पायजे. मांडवात बुद्धाचा आन् बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या खाली भीमराजचा, पांढरा सदरा घातलेला, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा मोठा करून. भन्तेजींनी वंदना घेतली. मग पंगत बसली. भागूबाई स्वतः वाढत व्हती. माझ्यापुढं आली, भात टाकला आन् हळूच इचारलं, "तुझ्या भावाचं काही कळलं का रं बाबा?"

दादा, तिचं लेकरू गेलेलं, आन् ती तुझं इचारून राहिली.

माझ्याच्यानं घास उचलंना. मी तिथंच सांगितलं. बॅनर खोटं व्हतं, फोटो खोटा व्हता, दादाला भ्या वाटत व्हतं हे मला माहीत व्हतं, तरी मी हरीशचा नंबर खांबावर चढवला. मायनंबी ते तवाच पहिल्यांदा ऐकलं. भीमराजचा चुलतभाऊ पंगतीतून उठला आन् त्यानं माझी गचांडी धरली. मी म्हणलं, हाण. भागूबाईनं त्याचा हात सोडवला. मला वाटलं आता ही रडंल, तळतळाट देईल. तिनं तसं काही केलं न्हाई. म्हणली, "मला सांगून तू हलका व्हशील. मला काय त्याचं? जिथं सांगायला पायजे तिथं जाऊन सांग. आन् ताट टाकून उठू नको, माझ्या पोराच्या नावाचं हाय."

मी जेवलो दादा. सगळं जेवलो. कसं ते इचारू नको.

येताना एसटीत माय दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. घरी आल्यावर वैनीला आन् रागिणीला मीच सांगितलं. वैनी भाकरी करत व्हती. उठली, हाताला पीठ तसंच, आन् माझ्या थोबाडीत ठेवून दिली. लई बरं वाटलं असं लिहिणार व्हतो, पर न्हाई वाटलं. मग त्याच हातानं तोंड झाकून ती खाली बसली आन् म्हणली, "भावजी, सव्वा वरीस मी त्यांच्यावर रुसून बसले. ते तिकडं थंडीत, आन् मी हितं रुसून बसले. माझ्याकडून दोन ओळी गेल्या न्हाईत." तेच तेच बोलत राहिली. आरोहीनं येऊन तिचं तोंड पुसलं तर आरोहीच्या हाताला पीठ लागलं.

रागिणी काय म्हणली सांगू? मला वाटलं माहेरी जाईल. ती म्हणली, "बॅनर बघून आमच्या बापानं हो म्हणलं असंल. मी कशाला बॅनर बघू? मी तर तुमाला बघून व्हय म्हणलं व्हतं. आमच्या घरी बघायला आलात तवा पोह्याच्या बशा उचलायला तुमी माझ्या आईला हातभार लावला, ते बघून." म्हणजे बघ. जे मिळायचं व्हतं ते तसंच मिळालं असतं. तुला मी फुकट विकलं.

दुसऱ्या दिवशी हिंगोलीला गेलो. सगळं लिहून दिलं, शपथेवर, शिक्का मारून, आन् वकिलाला धाडलं. पोलीस ठाण्यातबी जबाब दिला. साहेब म्हणले, बोलावलं की यायचं, जिल्हा सोडायचा न्हाई. मी म्हणलं, साहेब, मेंढरं घेऊन लांब जावं लागतं. म्हणले, मेंढरं जातील, तू न्हाई.

फ्लेक्सवाला माझ्याशी बोलत न्हाई आता. त्याचाबी जबाब घेतला. गावात काही जण म्हणतात येडा झाला, झाकली मूठ कशाला उघडायची. पर तुझं दार उघडंल दादा आता. वकिलाच्या हातात कागद पडला की उघडंल. एवढ्या दिसात आज पहिल्यांदा जरा दम घेतला.

सोबत वैनीचं पत्र हाय. दोन ओळींचं न्हाई, लई मोठं हाय. मी वाचलं न्हाई.

परम्या


वारंगा फाटा
२७ एप्रिल २०२५

दादा,

तुला अक्कल हाय का रे?

आज वकिलाचा फोन आला. माझा कागद त्याला मिळाला. त्यानं तो न्यायाधीशापुढं ठेवला तर सरकारी वकिलानं उठून तुझाच जबाब वाचून दाखवला. फेब्रुवारीतला. 'फोटो मीच करून घेतला. बॅनर लावायला मीच सांगितलं. भावाला काही माहीत न्हाई.' आमचा वकील कपाळाला हात लावून बसला. म्हणतो, आता दोन भाऊ, दोन जबाब. न्यायाधीश म्हणणार, लांब बसलेला भाऊ कैदेतल्या भावाला वाचवायला खोटं लिहून देऊन राहिला. माझ्या शिक्क्याच्या कागदाला आता किंमत न्हाई. सांगतोय तो दुभाषी पोरीला, आन् ती पोरगी मला सांगता सांगता थांबली. मी म्हणलं, बोला ताई. म्हणली, "संतराम म्हणला, लहान भाऊ हाय, नवं लगीन झालंय, त्याला पोलिसाचं भ्या वाटतं."

हे तुला कोणी सांगितलं? मीच. जानेवारीच्या पत्रात. भ्या वाटून राहिलं म्हणून लिहिलं, आन् तू ते वाचून पुढच्या तारखेला सगळं आपल्या अंगावर घेतलंस. भागूबाई बरोबर म्हणली व्हती. मी सांगून हलका झालो, आन् ते वझं जाऊन तुझ्या डोक्यावर बसलं. तुला खरं सांगितलं तेबी चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसाला. आधी वकिलाला सांगितलं असतं तर आज तू त्या पहिल्या, युद्धकैद्याच्या दारापाशी असतास.

माझा राग येऊन राहिला तुला का न्हाई? काहून येत न्हाई? एकदा तरी आई-बहिणीवरून शिवी घाल की रे. कुरुंद्याला माझ्या झोपेपायी मेंढरं हळदीत शिरली व्हती तवाबी असंच. शेतवाला काठी घेऊन आला आन् तू म्हणलास, राखायला मी व्हतो. मी बाभळीमागं उभा राहून बघितलं. ते चार फटके व्हते दादा. सांजच्याला मायनं हळद लावली, झालं. हे वर्सं हाईत. आरोही दहावीला जाईल एवढी वर्सं.

नीट ऐक आता. मला उद्या सकाळी हिंगोलीला बोलावलंय. साहेबांनी सांगितलं, कपडे घेऊन ये. माझी काळजी करू नको, आन् हे मी मोठेपणा म्हणून सांगत न्हाई, भ्या वाटतंच हाय. पर हिशोब कर. मला हितं कोंडलं तर माय डबा घेऊन येईल. रागिणी तारखेला मागं बाकावर बसंल. साहेबानं शिवी दिली तर ती मला कळंल. न्यायाधीशानं सजा सांगितली तर ती कशाची, किती, ते मला माझ्या कानानं समजंल. तुला तिकडं शिक्षा झाली तर तीसुद्धा ती पोरगी सांगंल तवा कळणार. तिच्या तोंडाकडं बघत उभं राहायचं, आन् भिंतीवरचं एक अक्षर वाचता येत न्हाई. मला जे होईल ते माझं केलेलं हाय. तुझं काय केलेलं हाय? थंडी वाजली म्हणून जाकीट घातलंस, एवढंच.

वकील म्हणतो, पुढच्या तारखेला न्यायाधीश तुला उभं करून इचारणार हाय: दोघांतला खरा जबाब कोणाचा? तुझ्या तोंडानं फिरवलास तरच तो फिरंल. दुसऱ्या कुणाच्या हातात न्हाई आता. माझ्या तर न्हाईच.

वैनी शेजारी बसून हे वाचून राहिली. ती म्हणते लिहा, मी वाट बघून राहिले. मायला इचारलं, तू काय सांगतीस? तिचे दोन्ही लेक आत जाणार, तिला काय इचारायचं म्हणा. ती म्हणली, "त्याला सांग, धाकट्याला मी बघते."

तर उभा राहा. दुभाषी पोरगी बाजूला असंल, हळूहळू बोल म्हणजे तिला नीट सांगता येईल. सांग की मी घाबरलो व्हतो आन् भावाला फोन केला. सांग की मला काढ म्हणून रडलो. लाजू नको, तू रडला व्हतास, मी ऐकलंय. सांग की भावाला सगळं माहीत व्हतं. त्यानं मला वाचवलं न्हाई, त्यानं माझं बॅनर लावलं. ते इचारतील, भावाचं नाव काय? तिथं थांबू नको दादा. तिथं थांबलास तर मी जलमभर तुला तोंड दाखवणार न्हाई.

माझं नाव घे.

परमेश्वर सटवाजी पोले